शेवटच्या पंगतीचे टायर

"उरला तर शेवटचा तास तुझा," असं भावजी मला म्हणाले, तेव्हाच हेल्मेट त्यांच्या मांडीवर आपटून मी घरी निघून यायला हवं होतं. आले नाही. एक तर मी हट्टी, आणि दुसरं म्हणजे मला गाडी पळवायची हाव आहे. ही हाव लपवण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. आता पन्नाशीला टेकले आहे, आता नाही लपवत.

कोण कुणाचं ते आधी सांगून टाकते. कुंभकोणमहून दारासुरम्‌कडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं टायरचं दुकान आहे. अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी काढलेलं. ते गेल्यापासून मी चालवते. झिजलेल्या टायरची पाठ घासून त्यावर नवं रबर चढवायचं, त्याला रिट्रेडिंग म्हणतात, तो आमचा मूळ धंदा. भावजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. साक्कोट्टैला त्यांची भाताची गिरणी आहे. तिसरा माझा आत्तेभाऊ, माझ्याहून बारा वर्षांनी लहान, बंगळुरात कॉम्प्युटरवर बसतो. या दोघांनी मिळून एक जुनी लहान गाडी शर्यतीसाठी तयार केली, आणि टायर फुकट बघून देणारं माणूस हवं म्हणून मला तिसरी म्हणून घेतलं. उगाच गोड बोलून काय उपयोग, कारण तेच होतं.

हे मी तुमच्या वळणाच्या मराठीत लिहिते आहे. घरात आम्ही बोलतो ती निराळी. आमची माणसं तंजावरला आली तेव्हा जी मराठी त्यांच्या तोंडात होती तीच, मध्ये मध्ये तमिळ शिरलेली. दुकानाचं शटर वर गेलं की मात्र सगळं तमिळ.

गाडी मला अप्पांनी अठराव्या वर्षी शिकवली, तीही हौसेनं नव्हे. व्हॅनचा ड्रायव्हर न सांगता काम सोडून गेला आणि तिरुक्करुगावूरच्या एका लॉरीवाल्याला टायर पोचवायचे होते. मागे सहा टायर, पुढे मी आणि शेजारी देवाचं नाव घेत बसलेले अप्पा. पुढे मी एकटीच जाऊ लागले. त्या गावच्या देवीला मूल व्हावं म्हणून बाया लांबून येतात, तुपाचा प्रसाद घेऊन जातात. एकदा देवळाबाहेर एका बाईनं मला मायेनं विचारलं, तूही तुपासाठी आलीस का गं? म्हटलं, मी टायर द्यायला आले. मला मूल नाही, नवरा नाही. कुणी कीव करू लागलं की मी त्याला टायरचा भाव सांगते.

तर शर्यत. चेन्नईजवळच्या ट्रॅकवर चार तासांची शर्यत असते, आमच्यासारख्या हौशी लोकांसाठी. तिथे सगळ्यांत वेगानं पळणारा जिंकतो असं नाही. चार तासांत ज्याच्या फेऱ्या जास्त भरतात तो जिंकतो. चालवणारे बदलत राहतात, गाडी तीच. आमच्या गटाला नियम असा की एका गाडीला चार टायर, सुरुवातीपासून शेवटपर्यंत तेच. पंक्चर झालं तर एक जुना जादा लावता येतो, बाकी काही नाही. टायरच्या खाचांच्या तळाशी रबराची एक बारीक उंच खूण असते. टायर झिजून त्या खुणेला टेकला की पंच झेंडा दाखवतात आणि गाडी बाहेर. आमची वाटणी ठरलेली होती: आधी भावजी दीड तास, मग आत्तेभाऊ दीड तास, आणि शेवटचा एक तास मी. उरला तर.

मागच्या वर्षी उरला नाही. आत्तेभावानं बंगळुरातून मऊ रबराचे टायर आणले होते. मऊ रबर जमिनीला घट्ट धरतं, वळणं झकास घेतं. पहिल्या तासात आम्ही पुढे होतो, गाडीतून उतरल्यावर भावजी छाती काढून फिरत होते. पावणेतीन तासांना डाव्या पुढच्या टायरला टक्कल पडलं, झेंडा आला, गाडी बाहेर. तोवर मी अंगात तो जाड सूट घालून, हातमोजे चढवून, हेल्मेट मांडीवर घेऊन पत्र्याच्या शेडमध्ये बसले होते. घामानं केस भिजलेले. आत्तेभाऊ आला आणि म्हणाला, "सॉरी अक्का, पुढच्या वर्षी." मग सगळे दहीभात खायला गेले. मला कुणी खाऊ नको म्हटलं नव्हतं, पण मी गेले नाही. मी त्या टक्कल पडलेल्या टायरवर हात ठेवून उभी राहिले. तो अजून चटका देत होता, आणि मला रडू येत होतं, ते मी घामात खपवलं.

घरी आल्यावर कळलं की हे मला नवं नव्हतं. आमच्याकडे लग्न असो, मुंज असो, वर्षश्राद्ध असो, पंगतींचा क्रम ठरलेला. आधी भटजी आणि घरचे पुरुष, मग पाहुणे, मग पाहुण्या बाया, पोरं, आणि सगळ्यांच्या शेवटी स्वयंपाक केलेल्या घरच्या बाया. दुपारचे तीन वाजतात. केळीचं पान मांडेपर्यंत सांबारातल्या फोडी गेलेल्या असतात, पायसातले काजू गेलेले असतात, खाली राहिलेलं पातळ पाणी आपलं. त्यावर तक्रार करायची नाही. "बाईच्या जातीला काय, चार घास उरले की झालं," असं म्हणणाऱ्या बायाच होत्या.

एक माझी आत्या तसं म्हणत नसे. ती आमच्या घरच्या मोठ्या स्वयंपाकांची मुख्य. दोनशे पानांचं सांबार ती अंदाजानं करायची आणि अंदाज कधी चुकायचा नाही. पहिल्या पंगतीला भांडं बाहेर जाण्याआधी ती एक पितळी डबा भरून घ्यायची, फोडींसकट, आणि शेवटच्या पंगतीसाठी तांदळाच्या पोत्यामागे झाकून ठेवायची. वर म्हणायची, "स्वयंपाक शेवटच्या पानापासून मोजावा, पहिल्या पानापासून मोजणारा भिकेला लागतो." त्या आत्याचाच मुलगा हा, मऊ टायरवाला.

या वर्षी शर्यतीची तारीख कळताच मी दोघांना फोनवर घेतलं आणि सांगितलं, टायर मी निवडणार, आणि मी कडक घेणार. टायरच्या बाजूच्या भिंतीवर एक आकडा कोरलेला असतो. आकडा लहान तर रबर मऊ, मोठा तर रबर कडक आणि टिकाऊ. मी मोठा आकडा काढून ठेवला होता. आत्तेभावानं लगेच तक्ता पाठवला. कडक टायरवर प्रत्येक फेरीला दीड सेकंद जास्त लागतो, त्यानं किती फेऱ्या मागे पडू, सगळं रंगीत रेघांनी काढलेलं.

"अक्का, हा ट्रॅक आहे," तो म्हणाला. "इथे लॉरीचं डोकं चालत नाही."

"लॉरी रोज पोचते," मी म्हटलं. "तुझी गाडी मागच्या वर्षी पोचली नाही. तुझ्या तक्त्यात चौथा तास कुठे आहे?"

खरंच नव्हता. तक्ता तीन तासांना संपत होता, कारण चालवणारे त्याच्या हिशेबी दोनच. मला त्याचा रागही आला आणि कीवही आली. याच्या आईचा पितळी डबा दर कार्याला भरला जायचा, पण हा नेहमी पहिल्या पंगतीला बसलेला. त्याला डबा दिसला असेलच कशाला?

शेवटी भावजींनी गिरणीत बसून न्याय दिला. या खेपेला तुझे टायर. पण ते शेवटपर्यंत टिकले नाहीत, किंवा आपण रांगेत तळाशी राहिलो, तर पुढच्या वर्षी तू दुकानातच थांबायचं. टायर बघून द्यायचे, गाडीत बसायचा विषय काढायचा नाही. मी म्हटलं, कबूल.

टायर आले. मी त्यांच्यावर मशिन चालवायला घेतलं आणि सगळ्यांना वाटलं, हिचं डोकं फिरलं. अप्पांचं घासायचं मशिन आहे, जुनं, सुरू केल्यावर पोटात घरघर करणारं. जुन्या टायरची पाठ त्यावर घासून सपाट करतात. मी कोऱ्या करकरीत टायरची जवळजवळ अर्धी नक्षी त्यावर उतरवली. समोरच्या गल्लीतले रेशीम विणणारे काका, ज्यांच्या स्कूटरचे टायर आम्हीच घालतो, ते दारात उभे राहून म्हणाले, नवं पातळ कोणी फाडून नेसतं का?

त्यांना जे सांगितलं तेच इथे सांगते. नव्या टायरची नक्षी उंच असते. वळणावर भार आला की ते उंच तुकडे आडवे लवतात, लवून लवून तापतात, आणि फार तापले की त्यांचे कपचे उडतात. तीच नक्षी निम्मी केली की ती ताठ राहते, कमी तापते. म्हणजे रबर कमी असूनही टायर जास्त वेळ चालतो. हे मी कुठल्या तक्त्यात वाचलं नाही. बसवाले अप्पांकडे भांडायला यायचे, रबर जाड चढवा, पैसे घेता ना. अप्पा पातळच चढवायचे आणि म्हणायचे, जाड चढवलं तर तापून आधी मरेल. मी त्यांच्याकडून घासायचं शिकले, रबराचा वास घ्यायचं शिकले, नख रुतवून बघायचं शिकले. घासून झाल्यावर मोजलं. खुणेच्या वर दोन तांदूळ एकावर एक ठेवावेत एवढं रबर होतं. चार तासांना ते पुरणार, थोडं जास्तच पुरणार, याची मला खात्री होती.

मग आयुधपूजा आली. आमच्या गावात त्या दिवशी प्रत्येक यंत्राला सुट्टी. मशिनं पुसायची, गंधकुंकू लावायचं, लिंबू कापायचं. मी दुकान झाडून घेतलं, चारही टायर भिंतीशी ओळीनं मांडले आणि पूजेची फुलं आणायला बाजारात गेले. आई ऐंशीच्या पुढची आहे, पण पूजा तिचीच. मी परत आले तर चारही टायर चमचमत होते. प्रत्येकाला तीन बोटं गंध, मध्ये कुंकू, आणि अंगभर तिळाचं तेल चोपडलेलं.

शर्यतीच्या टायरला तेल. जमीन धरणं एवढंच ज्याचं काम, त्याला तेल.

"आई, हें काय केलंस?"

"अगे, किती कोरडीं पडलीं होतीं तीं," आई म्हणाली. "तुझीं टायर ना तीं? माझे लेकीचीं म्हणून अधिक लाविलें. मशिनास नुसतें गंध लाविलें, यांस तेल."

तिच्यावर ओरडावं तर ती माझ्याच बाजूची एकटी बाई. मी फुलांची परडी खाली ठेवली आणि पायरीवर बसून राहिले. आईला चूक कळली, पण ती हरणारी नाही. म्हणाली, "तेल लाविलें तर शिकेकाईनें काढावें. त्यांत रडण्यासारखें काय आहे?"

आणि आम्ही तेच केलं. शनिवारी डोक्याला तेल लावून जे काढतो तेच. आईनं पातेलंभर शिकेकाई कालवली, मी नारळाच्या काथ्यानं टायर घासले. मागच्या अंगणात चार टायर, फेस नाही, नुसता करडा गाळ, आणि आई खुर्चीवर बसून, "कानामागें नीट घांस," म्हणत होती. तिला विनोद सुचतो तो असा. पूजेला आलेल्या माझ्या बहिणीनं हे सगळं बघितलं, फोटो काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला.

दहा मिनिटांत आत्तेभावाचा फोन. आधी पोटभर हसला. मग म्हणाला, "अक्का, आता हट्ट सोड. तेल प्यालेल्या टायरवर मी बसणार नाही. मऊ टायर माझ्याकडे तयार आहेत, मी आणतो."

"आणलेस तर तेच टायर गळ्यात घालून बंगळुरास परत जाशील," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

पण म्हणाला ते निम्मं खरं होतं. तीन वेळा धुऊन, दोन दिवस उन्हात ठेवूनही नख ओढलं की बारीक चकाकी उरायची. वरचा थर तेल प्यालेला होता. तो काढण्याचा एकच उपाय होता, पुन्हा मशिन. मी जितकं हलकं धरता येईल तितकं हलकं धरून प्रत्येक टायरचा आणखी पापुद्रा काढला. श्वाससुद्धा जपून घेत होते. मग मोजलं. दोन तांदळांचा दीड झाला होता.

आता पुरेल की नाही, मला सांगता येत नव्हतं. खोटं कशाला बोलू, त्या आठवड्यात मला भीती वाटली. भावजींना फोन करून सांगावं, आणा मऊ, असं दोनदा मनात आलं. मग हेल्मेट मांडीवर घेऊन बसलेली मी आठवायचे आणि फोन खाली ठेवायचे. दीड तर दीड.

शर्यतीच्या सकाळी मी हवा कमी भरली. टायर तापला की आतली हवा आपोआप वाढते. थंड असताना बेतानं भरलेली बरी. भावजींनी पहिला दीड तास गिरणी चालवतात तशी गाडी चालवली, एका लयीत, कुणाच्या नादी न लागता. मऊ टायरवाल्या गाड्या आम्हाला ओलांडून जात होत्या आणि फलकावर आमचा नंबर खाली खाली सरकत होता. आत्तेभाऊ माझ्याशेजारी दात आवळून उभा. प्रत्येक गाडी गेली की माझ्याकडे बघायचा.

त्याची पाळी आली तेव्हा मी खिडकीत हात घालून त्याचा दंड धरला. "हा ट्रॅक घड्याळाच्या दिशेनं फिरतो. वळणं उजवीकडची जास्त, म्हणजे सगळा भार डाव्या पुढच्या टायरवर. वळणाआधी ब्रेक संपव, मग स्टिअरिंग फिरव. दोन्ही एकदम केलंस तर तो एकटा मरेल."

त्यानं मान हलवली. अर्धा तास शहाण्यासारखं चालवलंही. मग इतरांचे मऊ टायर उतरू लागले. गाड्या मागे पडायला लागल्या, दोन तर झेंडा बघून बाहेर आल्या, आणि आमचा नंबर वर सरकू लागला. झालं. त्याला चव लागली. पुढची गाडी दिसली की हा वळणात ब्रेक दाबायचा. लांबूनसुद्धा मला टायरची किंकाळी ऐकू यायची आणि कुठला टायर ओरडतोय तेही कळायचं. मी कठड्याला उभी राहून मोठ्या अक्षरांचा फलक दाखवला: सावकाश. बघितलं आणि गेला. पुढच्या फेरीला पुन्हा दाखवला. तिसऱ्या फेरीला मी फलक फेकून दिला आणि त्याला मोठ्यानं तमिळमध्ये शिव्या दिल्या. शेजारच्या संघातले लोक जरा सरकून उभे राहिले.

तीन तास झाले आणि गाडी आत आली. आम्ही चौथे होतो. मी धावत जाऊन डाव्या टायरजवळ गुडघ्यावर बसले, खाचेत नख घातलं. अर्धा तांदूळ. तोही कसाबसा.

आत्तेभाऊ घामानं निथळत खाली उतरला आणि मला बघून त्याची नजर जमिनीला गेली. आणि तेवढ्यात माझ्या पाठीमागून भावजी आले. त्यांनी हेल्मेट घातलेलं होतं.

"तूं आतां बसूं नको," ते म्हणाले. "चौथा नंबर आहे. रबर संपत आलेंय. मी हळूहळू नेतों. तुला एवढा सराव कोठें आहे? पुढील वर्षीं..."

पुढील वर्षी. ते शब्द कानावर पडले आणि माझ्यात इतक्या वर्षांचं जे काही साठलं होतं ते वर आलं. पण आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "भावजी, मागच्या वर्षी टायर उरला नाही म्हणून मी बसून राहिले. आज उरलाय. तुम्ही दोघांनी खाऊन उरलाय तो माझा आहे. वाटेतून सरा."

"नंबर गेला तर?"

"गेला तर गेला. तो तास माझा आहे."

टायर तपासणारे पंच एव्हाना आले होते. कोल्हापूरकडचे गृहस्थ. त्यांनी खाचेत माप घातलं, पुन्हा घातलं, आणि आमची घरची जुनी मराठी ऐकून हसले. म्हणाले, "ताई, तुम्ही आमच्या पणजीसारखं बोलता की."

"तुमची पणजी शहाणी असणार," मी म्हटलं. "टायर पास आहे का ते सांगा."

"आत्ता आहे. तासाभरानं असेल का, ते नाही सांगू शकत."

भावजी अजून गाडीच्या दारातच होते. मी त्यांच्या हाताखालून वाकून आत शिरले आणि बसले. ते पट्टे एकट्यानं नीट आवळता येत नाहीत, कुणीतरी लागतं. क्षणभर वाटलं, आता पट्ट्यावाचून अडणार. तर आत्तेभाऊ आत वाकला. त्यानं दोन्ही खांद्यांचे पट्टे खेचून बसवले, टिचकी मारून बघितली आणि दार लावलं.

त्या तासाचं मी काय सांगू? मला आनंद झाला. इतका की पहिल्या दोन फेऱ्या मी हेल्मेटच्या आत हसत होते. मग तांदूळ आठवला आणि कामाला लागले. तिरुक्करुगावूरच्या रस्त्यावर व्हॅनचा टायर कमजोर असला की जशी चालवायचे तशी चालवली. उजवं वळण आलं की आधीच वेग सोडायचा, लांबून वळायचं, डाव्या टायरवर ओझं एकदम न टाकता हळूहळू उतरवायचं. एक लाल गाडी मागून दिवे मारत आली, तिला जाऊ दिली. पंधरा मिनिटांनी तीच गाडी टक्कल टायर घेऊन बाजूला उभी दिसली. मला कुणाला गाठायचं नव्हतं. मला फक्त पोचायचं होतं, आणि जे उरलंय त्यात पोचायचं कसं हे मला लहानपणापासून येत होतं.

शेवटची दहा मिनिटं टायरचा आवाज बदलला. भरीव गुणगुण जाऊन पोकळ सूं सूं आली, मग वास आला. अप्पा म्हणायचे, वास आला की रबर निरोप घेतंय. मी सरळ रस्त्यावरसुद्धा पाय हलका केला. एकेक फेरी मोजत होते. कठड्यावर कोल्हापूरचे पंच वाकून माझ्याच टायरकडे बघत होते, हातात गुंडाळलेला झेंडा. प्रत्येक फेरीला मी त्या झेंड्याकडे बघायचे आणि तो गुंडाळलेलाच असायचा. शेवटी समोर काळापांढरा चौकटीचा झेंडा हलला, तो शर्यत संपल्याचा, सगळ्यांसाठी होता.

आम्ही चौथेच राहिलो. कप वगैरे काही नाही. पंचांनी माप घातलं, डोळे बारीक करून बघितलं आणि म्हणाले, "आहे. नखाएवढं आहे." भावजी म्हणाले, "बरी चालविलीस." त्यांच्या तोंडून एवढं म्हणजे पुष्कळ. जेवणाची पाकिटं आली तेव्हा मी उठून सगळ्यांत वरचं पाकीट उचललं आणि कुणाची वाट न बघता तिथेच, टायरला पाठ टेकून खाल्लं.

तो डावा टायर मी घरी आणला. आईनं त्यावरून हात फिरवला. विचारलं, "यांत कांहीं उरलें होतें कां?" म्हटलं, उरलं होतं. "मग माझे तेलानें कांहीं बिघडलें नाहीं," ती म्हणाली आणि पुन्हा जपमाळ घेऊन बसली. टायर आता दुकानात अप्पांच्या मशिनशेजारी टांगलेला आहे. रेशीमवाले काका येतात तेव्हा त्याला टिचकी मारून जातात.

गेल्या महिन्यात आत्तेभावाचा फोन आला. पुढच्या शर्यतीचे फॉर्म निघालेत. या वेळी तक्ता नव्हता. "अक्का," तो जरा अडखळत म्हणाला, "टायर कुठले घ्यायचे?"

"ते आधी कोण बसतं त्यावर आहे," मी म्हटलं. "पहिली मी बसणार. पहिला दीड तास माझा."

मग तो म्हणाला, "आणि आम्ही?"

"घाबरू नको," मी म्हटलं. "तुमच्यापुरतं रबर मी बाजूला काढून ठेवीन. तुझ्या आईनं शिकवलंय मला."